वीस पैसे आणि वीस सेंट

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा नुसता भाव सांगून भागत नाही. 10 हवा (म्हणजे ओलावा), 2 माती, 2 डागी असं आधी ठरतं, मग आकडा. माल ओला निघाला की कपात. ‘पुढचा पंतप्रधान कोण’ यावर परदेशात जे भाकितांचे बाजार चालतात, तिथंही हवा-माती आधी बघावी लागते. बातम्यांत मात्र ‘अमक्याला 60 टक्के’ एवढंच येतं.

व्यवहार तसा सोपा. एका नावाचा एक करार. तो माणूस पंतप्रधान झाला तर कराराचा 1 डॉलर मिळतो, नाही झाला तर शून्य. करार 60 सेंटला मिळत असेल, तर बाजाराच्या मते शक्यता साधारण 60 टक्के. घोटाळा होतो तो आपल्या सट्ट्याच्या भाषेमुळं. निवडणुकीत राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टा बाजाराचे म्हणून जे आकडे मोबाइलवर फिरतात, ते नफ्याचे असतात. 25 पैसे म्हणजे रुपया लावून जिंकलं तर वर 25 पैसे. भाव जितका कमी, तितका उमेदवार भक्कम. शक्यता काढायची तर 1 भागिले 1.25, म्हणजे 80 टक्के. 3 रुपयांचा भाव असेल तर 1 भागिले 4, म्हणजे 25 टक्के. तेव्हा 20 पैसेवाला सगळ्यात पुढं असतो आणि 20 सेंटवाला बराच मागं. हे दोन आकडे एकाच तक्त्यात टाकणारेही दिसतात.

आता खरी गोम: कराराचे नियम. ‘पुढचा’ हा एक शब्द किती त्रास देतो, ते 2025 साली चार देशांनी दाखवलं. फ्रान्समध्ये पंतप्रधान लकोर्नू यांनी 6 ऑक्टोबरला राजीनामा दिला आणि 10 तारखेला राष्ट्राध्यक्ष मॅक्रों यांनी पुन्हा त्यांनाच नेमलं. मग ‘पुढचे’ पंतप्रधान तेच धरायचे का? नेपाळमध्ये पंतप्रधान ओली गेल्यावर 12 सप्टेंबरला सुशीला कार्की यांनी शपथ घेतली, पण अंतरिम सरकारच्या प्रमुख म्हणून. थायलंडमध्ये पंतप्रधान पेतोंगतार्न निलंबित असताना फुमथाम काळजीवाहू होते. संसदेनं निवडले ते मात्र अनुतिन. काळजीवाहू, अंतरिम, फेरनेमणूक यांतलं काय चालतं, हे करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो भाव पंतप्रधानाचा कमी आणि नियमाच्या अर्थाचा जास्त असतो.

जपानचा धडा वेगळा. 4 ऑक्टोबरला ताकाइची पक्षाध्यक्ष झाल्या. तिथं सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष म्हणजे पंतप्रधान असंच बहुतेक धरलं जातं, पण 10 तारखेला कोमेइतो पक्ष आघाडीतून बाहेर पडला. नवा जोडीदार जुळवून संसदेतलं मतदान पार पडेपर्यंत 21 तारीख उजाडली. पक्षाची निवड आणि संसदेची निवड या दोन वेगळ्या पायऱ्या. करार कोणत्या पायरीला मिटतो ते बघा.

मुदतही बघायची. ‘सध्याच्यांनंतर कोण’ हा करार कधी मिटेल सांगता येत नाही. त्यात एखाद्याला 35 टक्के असले, म्हणजे तो यंदा येणार असं नाही. सध्याचे यंदा जाण्याची शक्यता 40 टक्के धरली, तर दोन्हींचा गुणाकार 14 टक्के. तोही ढोबळच, कारण कोण येणार हे बऱ्याचदा सध्याचे कधी जातात यावर ठरतं.

मग बेरीज करा. समजा पाच नावांचे भाव 62, 21, 9, 6 आणि 5 आहेत. एकूण 103. शंभराच्या वरचे तीन कुणाचीच शक्यता नाहीत. प्रत्येकाला 103 नं भागलं की पहिल्याचे 60.2 उरतात. तळातल्या नावांवर तर आणखी कमी भरवसा ठेवावा. 2 सेंटचं नाव खोटं वाटलं, तर त्याविरुद्ध ‘नाही’चा करार 98 सेंटला घ्यावा लागतो. वर्षभर पैसे अडकवून हाती दोनच टक्के. बँकेची मुदत ठेव याहून बरी, म्हणून तो भाव खाली पाडायला कुणी येत नाही. एक-दोन टक्केवाली नावं यादीत महिनोन्महिने टिकतात ती अशी.

शेवटच्या सौद्याचा आकडाही फसवतो. घेणारा 54 ला आणि विकणारा 66 ला अडून बसला असेल आणि एखादा सौदा 66 ला झाला, तर पडद्यावर 66 दिसतं. खरा अंदाज मधे, साठीच्या आसपास. दोन्ही बाजूंना माल किती लागलाय ते बघावं. पातळ बाजारात थोड्या पैशांत भाव हलवून त्याचीच बातमी करता येते.

आपल्याकडं हे फक्त वाचण्यापुरतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. मत-सौद्यांची (ओपिनियन ट्रेडिंगची) देशी ॲप त्यानंतर बंद झाली. कुणी ‘परदेशी आहे, चालतं’ म्हणून लिंक पाठवली तर उडवून टाका.

आकडा कोणत्या प्रश्नाचा आहे, हे न बघता गडबड कशी होते ते 2024 मध्ये शेअर बाजारात दिसलं. एक्झिट पोल बघून 3 जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला. 4 जूनला भाजप 240 वर थांबतोय म्हटल्यावर जवळपास 4,400 नं कोसळला. 9 जूनला शपथ मोदींनीच घेतली. ‘कोण’ याचं उत्तर बरोबरच होतं, पैसा लागला होता तो ‘किती जागा’ यावर.