तुम्ही विचारलंत म्हणून: फोकसला पाऊण तास का लागतो

"खेळ थांबवलेला असतो, घोडा जागचा हलत नाही, मग एका स्क्रीनशॉटच्या फोकसला पाऊण तास कसा लागतो?" भाचा विचारतो, ऑफिसातले विचारतात. दर वेळी "लागतो" एवढंच म्हणून मी विषय संपवते. आज नीट सांगते.

मुळात सगळं थांबलेलं नसतं. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या जपानी बेटावर घडणाऱ्या व्हिडिओ गेमच्या फोटो मोडमध्ये, म्हणजे खेळ थांबवून आतल्या दृश्याचा फोटो काढायच्या सोयीत, नायक सामुराई जिन आणि त्याचा घोडा गोठतात, पण गवत डोलतं ठेवता येतं. ते बंदही करता येतं, मला माहीत आहे. मी करत नाही. वाऱ्याशिवाय ते बेट माझ्या ओळखीचं राहत नाही.

आणि खेळात भिंग नसतं. खऱ्या कॅमेऱ्यात जे धूसर व्हायचं ते भिंगातून येतानाच होतं. इथे आधी सगळं चित्र लख्ख तयार होतं. मग प्रत्येक ठिपका किती लांब आहे याची नोंद पाहून त्यावर धूसरपणा चढवतात. आयाळीच्या केसांशी, गवताच्या पात्यांशी ही नोंद चुकते. धुराचं अंतर तर बहुतेक वेळा नोंदलेलंच नसतं, तो मागच्या डोंगराच्या हिशोबाने पुसला जातो. म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे धूसरपणा किती हे ठरवणारी सेटिंग, पार उघडलं की आयाळीभोवती विचित्र कड उमटते. मग मी ते थोडं मिटते, फोकल लेंग्थ वाढवते म्हणजे झूम करते, मागे सरते, आणि फोकसचं अंतर पुन्हा पहिल्यापासून शोधते.

पूर्वी मी असं काही करत नव्हते. 2021 साली मीच म्हणायचे, मागचं सगळं धूसर केलं की झाला फोटो.

तेव्हाची गोष्ट. (खेळ पूर्ण केला नसेल तर इथेच थांबा.) सुरुवातीला घोडा निवडायचा असतो. मी पांढरा घेतला, तीन नावांतून 'सोरा' निवडलं, म्हणजे आकाश. त्याच्यावर बसून मी बेटाचा दक्षिण भाग, अख्खी इझुहारा, फिरले. एका संध्याकाळी पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतात तो मान वळवून उभा होता. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं, सोफ्यावरून टीव्हीकडे पाहिलं, डोळा स्पष्ट वाटला, बटण दाबलं. दोन मिनिटंही लागली नसतील. पांढऱ्या तोंडावरचा काळा डोळा थोडा धूसर असला तरी लांबून स्पष्टच वाटतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरा अंक संपला. बाणांनी जखमी झालेला सोरा जिनला घेऊन उत्तरेकडे धावत राहिला आणि बर्फात कोसळला. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि त्या रात्री पुन्हा उचलला नाही.

तो फोटो मोठा छापून घ्यायला गेले. स्टुडिओतल्या माणसाने स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, फोकस गवतावर आहे." डोळ्याच्या पुढे हातभर अंतरावरचं एक पातं अगदी कोरीव होतं. घोडा सगळाच विरघळलेला. स्क्रीनशॉटमध्ये धूसर झालेलं परत काढता येत नाही, आणि मागे जायला माझ्याकडे जुना सेव्हही, म्हणजे आधीच्या टप्प्यावर साठवलेला खेळही, नव्हता. तरी मी म्हटलं, छापा.

भाचा म्हणाला, नवीन खेळ सुरू कर, तोच पांढरा घोडा मिळेल. केला. नावही तेच ठेवलं. त्याच गवतात उभा केला, टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ बसून डोळ्यावर फोकस लावला. फोटो निर्दोष आला. तो मी अजून छापलेला नाही, आणि का नाही हे मला सांगता येत नाही. घोडा तोच होता असंही म्हणवत नाही, वेगळा होता असंही नाही.

आणखी एक, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या पाऊण तासातली शेवटची दहा मिनिटं फोकस बहुतेक सापडलेला असतो. मी उगाच अंतर इकडेतिकडे सरकवत बसते. फोटो मोडमधून बाहेर पडलं की गोष्ट पुढे सरकणार असते.

भिंतीवर जुनाच फोटो आहे. परवा भाच्याने विचारलं, "हा गवताचा का लावलास?"