बारा तासांत झालं का?

पुण्याहून फोन आला की, इथे लीड्सच्या गणपतीत कुणी भेटलं की, हाच प्रश्न. “यॉर्कशरचे थ्री पीक्स केलेत ना? बारा तासांत झालं का?” थ्री पीक्स म्हणजे इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे तीन डोंगर एका दमात चालायचे, तेही बारा तासांच्या आत. नाही झालं. पाऊण तास जास्त लागला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

“इंगलबरो जेमतेम 723 मीटर, कळसूबाई 1646, त्यात काय एवढं” म्हणणाऱ्यांसाठी आधी एवढंच: हॉर्टन गावाहून निघून पेन-इ-गेंट, व्हर्नसाइड आणि इंगलबरो करून परत हॉर्टनलाच यायचं. जवळपास 39 किलोमीटर चाल आणि सगळे चढ मिळून 1600 मीटरच्या आसपास. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईला जाताना एवढं चढावं लागत नाही.

पेन-इ-गेंटच्या खडकांवर मी सगळ्यांच्या बरोबरीने होते. रिबलहेडच्या 24 कमानींच्या रेल्वेपुलापर्यंतही फार मागे नव्हते. व्हर्नसाइड उतरताना गुडघा धरला आणि इंगलबरोच्या पायथ्याशी असलेल्या हिल इन या पबला पोहोचेपर्यंत चार वाजले. सकाळी सातला निघालो होतो. ग्रुपचे प्रमुख म्हणाले, “ताई, तुम्ही इथून टॅक्सीने हॉर्टनला जा. नाहीतर सगळ्यांचंच वेळेत व्हायचं नाही.” हिशोब बरोबरच होता त्यांचा. पण त्यांनी तो सगळ्यांसमोर, हातातल्या घड्याळाकडे बघत मांडला, आणि बाकीचे बुटांच्या नाड्या बांधत राहिले. एकानेही मान वर केली नाही. “तुम्ही व्हा पुढे,” एवढंच मी म्हणाले. ते गेले.

मी टॅक्सी बोलावली नाही. नकाशा होता, होकायंत्र होतं, जूनचा उजेड साडेनवापर्यंत होता. “एकटीने जायला नको होतं” असं मला ऐकवतात. एकटं कुणी सोडलं, हे मात्र कुणी विचारत नाही. चुनखडीच्या फरसावरून चालताना भेगांमधली नेच्याची हिरवी पानं दिसत होती, आणि मी रडत होते. इंगलबरोचा शेवटचा चढ दगडी पायऱ्यांचा आहे. दहा पायऱ्या, थांबायचं, पुन्हा दहा. माथा सपाट, त्यावर धुकं उतरलेलं. अशा वेळी उतरायची वाट चुकते. फुलीच्या आकाराच्या दगडी आडोशाला टेकून मी होकायंत्र लावलं, दिशा दोनदा तपासली आणि मगच पाऊल टाकलं. सल्बरमधून हॉर्टनपर्यंतची वाट संपता संपत नाही. पोहोचले तेव्हा पावणेआठ झाले होते. ग्रुपचा फोटो काढून झाला होता, निम्मे लोक निघूनही गेले होते.

बारा तासांची अट निरर्थक आहे, असं मी म्हणणार नाही. हॉर्टनच्या कॅफेत पूर्वी निघताना आणि परतल्यावर कार्डावर वेळ छापून मिळायची. बारा तासांच्या आत येणाऱ्याला थ्री पीक्सच्या क्लबात घेत आणि कुणी परतलं नाही तर तेही कळायचं. त्या घड्याळात काळजीही होती. आमच्या त्या दिवशीच्या घड्याळात ती नव्हती. 1887 साली गिगल्सविकच्या शाळेतले दोन शिक्षक ही तिन्ही शिखरं पहिल्यांदा एका दिवसात चालले. त्यांना दहा तास लागले, पण त्यांच्यापुढे कसलीच मुदत नव्हती.

हे सगळं बोलते खरी, पण आदल्या वर्षीची मी असते तर मीही नाड्याच बांधत बसले असते. ती म्हणायची, वेळ काढून टाकली तर उरतो नुसता फेरफटका. तिला अजून मला धड उत्तर देता येत नाही. इंगलबरोचा माथा माझा आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी कुणी ‘बारा तास’ म्हटलं की पोटात तुटतं.

पुन्हा जाणार आहे. वेळेत करायचंय मलाही. त्याच ग्रुपबरोबर जाणार का, ते मात्र आत्ता विचारू नका.