पर्थहून: ज्याचा मजकूर, त्याचा हात

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे तीन आठवडे आमच्या अमळनेरच्या छापखान्यात कोणाला धड जेवायला फुरसत नसे. लग्नसराई. १९९६ साली आप्पांनी ट्रेडल या जुन्या छपाईयंत्राशेजारी संगणक आणून ठेवला, खिळ्यांच्या केसेस माळ्यावर गेल्या आणि ऑपरेटरच्या खुर्चीला लागून एक लाकडी स्टूल आलं. ते गिऱ्हाइकासाठी. नवरदेवाचा काका त्यावर बसायचा, पडद्याकडे बोट करून सांगायचा, "हे नाव वर घ्या, ते मोठे भाऊ आहेत." खानदेशातल्या पत्रिकेत भाऊबंदांची नावं किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. एक नाव राहिलं किंवा खालच्या ओळीत गेलं, तर तो माणूस मांडवात पाऊल ठेवत नाही. काका सांगायचा, ऑपरेटर हलवायचा, बटर पेपरवर प्रिंट निघायची, पुन्हा चूक सापडायची. ज्याचा मजकूर, त्याला यंत्र येत नाही. ज्याला यंत्र येतं, त्याला घरातला थोरला कोण ते ठाऊक नाही. ते स्टूल या दोघांमधला पूल होतं.

लग्नानंतर मी ऑस्ट्रेलियात पर्थला आले. इथे एका शाळेच्या कार्यालयात काम करते. आल्यावर कळलं, की त्या स्टुलाचाच प्रश्न याच शहरातल्या एका मुलीनं मनावर घेतला होता.

मेलानी पर्किन्स तेव्हा १९ वर्षांची होती. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिकता शिकता ती इतर विद्यार्थ्यांना डिझाइनची सॉफ्टवेअर शिकवायची. कुठलं बटण कुठे आहे हे कळण्यातच मुलांचं अख्खं सत्र जातं, हे तिनं पाहिलं. तिच्या मनात होतं, की पानं जुळवण्याचं काम ब्राउझरमध्ये व्हावं, कुणालाही जमावं आणि चार जणांनी मिळून करता यावं. पण एवढं मोठं काम उभं करायला पैसा नव्हता, अनुभवही नव्हता. म्हणून तिनं आणि क्लिफ ओब्रेक्टनं २००७ मध्ये एकच छोटी गोष्ट धरली, शाळांची इयरबुकं. आपल्या शाळेतल्या हस्तलिखिताची ही छापील बहीण समजा. फ्यूजन बुक्स नावाची ही कंपनी तिच्या आईच्या बैठकीच्या खोलीतून चालायची. शिक्षक आणि मुलं आपापल्या संगणकावर पानं लावायची आणि तयार पुस्तक छापून शाळेत पोहोचायचं. काही वर्षांत ती ऑस्ट्रेलियातली सगळ्यांत मोठी इयरबुक कंपनी झाली.

मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. पुढचे आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण पाया इथे घातला गेला. एका प्रकारचं गिऱ्हाईक, एका प्रकारचं पुस्तक, आणि ते लोक नेमके कुठे अडतात ते वर्षानुवर्षं पाहणं. पत्रिका छापणारा प्रत्येक माणूस हे जाणतो.

मोठ्या कल्पनेसाठी मात्र शंभरावर गुंतवणूकदारांनी नकार दिला. बिल टाय नावाच्या गुंतवणूकदाराच्या वर्तुळात काइटसर्फिंगची आवड होती, तर ही मुलगी काइटसर्फिंगसुद्धा शिकली. पुढे गूगलमधला कॅमेरॉन ॲडम्स येऊन मिळाला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ब्राउझरमध्ये कुणालाही पानं लावू देणारं कॅनव्हा सुरू झालं. वापरायला फुकट. सुरुवातीला एखादं विकतचं चित्र घेतलं तर तेवढा एक डॉलर. २०१८ मध्ये कंपनीचं मूल्य एक अब्ज अमेरिकी डॉलरवर गेलं, २०२१ मध्ये ४० अब्जांवर. २०२४ मध्ये व्यावसायिक डिझायनर वापरतात ते ॲफिनिटी सॉफ्टवेअरही त्यांनी विकत घेतलं. कार्यालय आता सिडनीला आहे, पण पर्थची माणसं मेलानीला अजून आपलीच पोर मानतात.

मी हे आप्पांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "ती पोर खरं बोलनी."

गेल्या वर्षी इथल्या आमच्या गणपतीचं निमंत्रण आम्ही चौघींनी चार घरांतून एकाच पानावर केलं. एकीनं आरतीची वेळ बदलली की उरलेल्या तिघींना ती बदलताना दिसत होती. प्रत्येक घरात एक स्टूल, आणि त्यावर बसलेल्या बाईच्या हातातच माउस.

त्या हुरूपात मी आप्पांकडून एक जुनी फाईल मागवली. आमच्या आजीनं सांगितलेली कानबाईची, म्हणजे खानदेशात श्रावणात पुजल्या जाणाऱ्या देवीची, गाणी छापखान्यानं १९९८ मध्ये पुस्तिका करून घरोघर वाटली होती. फाईल उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, अर्थ काहीच नाही. माझ्या पोटात खड्डा पडला. कारण साधं आहे. त्या काळचे बरेचसे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवत. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच, मराठीचं फक्त चित्र होतं. तो फॉन्ट नसेल तर चित्र पुसलं जातं. युनिकोड या जगभरच्या सामायिक अक्षर-पद्धतीत 'क' ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो कुठल्याही यंत्रावर 'क'च राहतो. ब्राउझरमध्ये मराठी पान लावता येतं ते या जोरावर. आपल्याकडच्या छापखान्यांच्या जुन्या संगणकांत गाण्यांच्या, गावांच्या इतिहासाच्या, संस्थांच्या स्मरणिकांच्या किती फाईली अशा मुक्या पडल्या असतील! घरी कुणाचा छापखाना असेल तर ते संगणक भंगारात देण्याआधी त्या युनिकोडमध्ये आणून घ्या. हात जोडून सांगते.

आजीची पुस्तिका मी छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करायला घेतली. श्रावणातल्या कानबाईच्या रविवारच्या आत संपवायची होती. मी पर्थला, आप्पा अमळनेरला धाकट्या भावाच्या लॅपटॉपसमोर, चष्मा पुसत, समोर तेच पान. इथे रात्रीचे साडेदहा, तिकडे आठ.

"तिसरी वळमा देख," ते म्हणाले. "रोटमधला ट राही गया."

मी ट घातला. तो त्यांच्या पडद्यावर उमटला, तशी फोनवरची शांतता मोडली.

"हां. आते छाप."