तो रडत का नाही

अठराव्या शतकात जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये, संगीतकार बाखच्या हाताखाली गाणाऱ्या एका शाळकरी पोरावर मी कादंबरी लिहिली. ती आल्यापासून मला हा एकच प्रश्न येतो. कार्यक्रमात, फोनवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी असताना. ‘आई गेल्याची बातमी येते, आणि तुमचा तो लाइपझिगचा पोरगा पुस्तकभर एकदाही रडत नाही. असं कसं?’ विचारणाऱ्याच्या सुरात थोडी कीव असते, लेखकाला जमलं नाही बिचाऱ्याला, अशी. मी आजवर ‘पुन्हा वाचा’ म्हणून सुटत आलो. तुम्ही पत्र लिहून विचारलंत, म्हणून हे.

काही भले लोक माझ्या मदतीला येतात. म्हणतात, त्या काळी मरण रोजचंच, माणसं निबर झालेली असणार. ही मदत मला नको. बाखला दोन लग्नांतून वीस मुलं झाली, मोठी झाली दहा. १७२० मध्ये तो कोथेनच्या राजपुत्राबरोबर कार्ल्सबादला गेला आणि परत आला तेव्हा बायकोला, मारिया बार्बराला, पुरूनही झालं होतं. जून १७२६ मध्ये तीन वर्षांची मुलगी गेली. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा, ११ एप्रिल १७२७ च्या गुड फ्रायडेला, हा माणूस थॉमस चर्चमध्ये दोन गायकवृंद समोरासमोर उभे करतो आणि सेंट मॅथ्यू पॅशन या येशूच्या मरणावरच्या गायनरचनेच्या शेवटी सगळ्यांना कबरीपाशी आसवं गाळत बसवतो. याला निबर म्हणायचं? (त्या मुलीच्या दुःखातूनच पॅशन जन्मलं, असं मी लिहायला हवं होतं म्हणणारेही भेटतात. त्यांना नमस्कार.)

खरं कारण साधं आहे. त्या पोराला मरणाचे पैसे मिळतात. थॉमस शाळेच्या वसतिगृहातली मुलं गावातल्या प्रेतयात्रांबरोबर गात जायची. घरच्यांच्या ऐपतीप्रमाणे पूर्ण शाळा, अर्धी शाळा, नाहीतर पाव शाळा. मिळकतीत मुलांचा वाटा असे, गुरुजींचाही, म्हणजे बाखचाही. १७३० मध्ये बाखनं जुन्या मित्राला लिहिलंय की हवा चांगली असली की माणसं कमी मरतात, आणि मागच्या वर्षी अंत्ययात्रांच्या उत्पन्नात शंभरावर टॅलरची (टॅलर म्हणजे तिथलं चांदीचं नाणं) खोट आली. हे सांगितलं की आपल्याकडचे संगीतप्रेमी दुखावतात. मला मात्र त्या एका वाक्यामुळे तो माणूस जवळचा वाटला. त्याच साली त्यानं नगरपालिकेला अर्ज देऊन मुलांचा हिशेब मांडला: कामाची १७, अजून तयार न झालेली २०, निकामी १७. माझा पोरगा तीन वर्षं आधीचा, पण मी त्याला मनानं त्या विसांत बसवलं.

इथवरचं मी मुलाखतींतही सांगतो. पुढचं सांगत नाही.

माझी आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. सातारा जिल्ह्यातलं गाव, श्रावण, बारीक पाऊस. आमच्या भजनी मंडळात वरच्या पट्टीला मी असायचो. बाकीच्यांचा दम जिथे संपायचा तिथून माझा सुरू व्हायचा, आणि त्याचा मला माज होता. थोरल्या भावानं शिकाळं धरलं. तिरडीला काका, मामा. माझ्या हाताला काहीच काम नव्हतं. बुवांनी ते पाहिलं असावं. गळ्यातली टाळांची जोडी काढून माझ्या गळ्यात घातली, म्हणाले, ‘चल म्होरं.’

मी म्होरं झालो. पखवाज ओला होऊन बसला होता, त्यामुळे सगळा भार टाळांवर आणि गळ्यावर. देवळापासून वेशीपर्यंत मी नुसती साथ केली. विसाव्याच्या दगडापाशी तिरडी टेकवली आणि बुवांनी चाल वर नेली. तिथे दरवेळी मी जायचो, तसाच गेलो. सूर लागला. असा लागला की बुवांनी गाता गाता वळून पाहिलं.

आणि मला आनंद झाला.

किती वेळ टिकला सांगता येणार नाही, पण तेवढा वेळ आई मेलेली नव्हती. जिवंतही नव्हती. ती नव्हतीच, फक्त तो सूर होता आणि तो माझा होता. वेशीशी थांबलेल्या बायकांतून मामीचा आवाज आला, ‘आय मेली आन् प्वार गातंय बघा.’ भजन चालू असूनही ते मला नीट ऐकू आलं. त्यानंतर रडू यायला हवं होतं. आलं नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. बायका माझ्याकडे बघायच्या आणि मी ताटाकडे.

तेव्हा ‘तो रडत का नाही’ हे तुमच्याआधी मामीनं विचारलंय. पुस्तकात एक वाक्य आहे: कुण्या व्यापाऱ्याच्या प्रेतयात्रेत पोराचा वरचा सूर चोख लागतो आणि त्याला भूक लागल्याचं आठवतं. त्याबद्दल मला एकानंही विचारलेलं नाही. सगळ्यांना आसवं हवीत.

पहिल्या खर्ड्यात ती होती. पॅशनच्या शेवटच्या समूहगानात पोरगा कोसळतो, शेजारचा मुलगा त्याला धरतो, वगैरे. तो खर्डा लिहिणारा मी अजून अधूनमधून भांडायला येतो. म्हणतो, वाचकानं चारशे पानं सोबत केली, त्याला एवढं तरी द्यायचंस. मी म्हणतो, गाताना रडलं तर श्वास तुटतो, गुरुजी कानाखाली देतील. तो म्हणतो, ही पळवाट झाली. तू कादंबरी लिहिलीच नाहीस, मामीला उत्तर दिलंस. यावर मी त्याला बरंच काही ऐकवतो. पण तो पुन्हा येतो.

एका बाईंनी मात्र वेगळंच विचारलं आणि मला गप्प केलं. सप्टेंबर १७२७ मध्ये पोलंडची राणी वारली. लाइपझिग ज्या सॅक्सनी राज्यात होतं, त्याच्या राज्यकर्त्याची ती बायको, म्हणून राज्यात दुखवटा लागला. तिच्यासाठी ऑक्टोबरात विद्यापीठाच्या चर्चमध्ये बाखचं शोकगीत झालं तेवढंच, बाकी चर्चमधलं मोठं गाणं-बजावणं चार महिने बंद. बाई म्हणाल्या, ‘गायला काही नाही, अशा त्या चार महिन्यांत तुमच्या पोराचं काय झालं?’ मी सांगितलं की माझी कादंबरी एप्रिलमध्येच संपते, रचनेची तशी गरज होती. त्या म्हणाल्या, ‘ते दिसलं मला.’ रचनेबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. पण एप्रिल निवडताना सप्टेंबर मला ठाऊक होता.