इटियाडोहला गळ टाकायला जाताय? आधी गाळाचं ऐका

गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणाचा काठ फाल्गुनात कोरडा ठणठणीत असतो, गाडी थेट पाण्यापर्यंत जाते, असं जो कोणी सांगेल त्यानं तो काठ धरणाच्या भिंतीवरूनच पाहिला आहे असं समजा. मलाही हेच सांगून पाठवलं होतं.

होतं असं की उन्हाळी धानासाठी कालव्यांना पाणी सुटलं की गाढवी नदीवरचं हे धरण भराभर उतरायला लागतं. पाणी मागं हटतं आणि गाळ उघडा पडतो. वरचा पापुद्रा वाळलेला, भेगाळलेला, त्यावर गुरांचे खूर उमटलेले. ते बघून माणूस बिनधास्त पुढं जातो. खूर नीट बघा, निम्म्यातून परत फिरलेले असतात. गुरांना कळतं. पाणी हाकेच्या अंतरावर असताना माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ओढला तर पाय बाहेर आला, बूट आतच. डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, एक ढिवरबुवा (मासेमार) ओरडले, "भाऊ, तिकडून नोका जाऊ, फसान!" फसल्यावर!

असं झालं तर जोर लावू नका, जितका लावाल तितकं आत जाल. पाठीवरची पिशवी पुढं आडवी टाकायची, तिच्यावर छाती टेकून भार द्यायचा आणि एकेक पाय हलवत हलवत सोडवायचा. छातीच्या उंचीची काठी हवीच. नाल्याच्या तोंडाशी जाऊच नका, गाळ तिथंच सगळ्यात खोल. मुरमाड उंचवटा पाण्यात घुसलेला दिसेल तिथूनच गळ टाका. जागा कमी मिळेल, पण बूट पायात राहतील.

आता पैशाचं. मासेमारीचा हक्क ढिवर बांधवांच्या सोसायटीकडं असेल तर परवानगी तिथूनच, पावतीसकट. काठावर मात्र टपरीवरचा एक इसम 'गळाचे' म्हणून 500 मागतो. पावती मागितली की हसतो. देऊ नका. डोंग्याचंही तेच: ठरले 300, परतल्यावर म्हणे ते फक्त जायचे. डोंगा वल्हवणारा बिचारा गप्पच होता, बोलणी मधल्या माणसाची. म्हणून वल्हवणाऱ्याशीच बोला आणि 'जाऊन-येऊन, थांबण्यासकट' हे शब्द तोंडानं वदवून घ्या. महाशिवरात्रीच्या आसपास तर जाऊच नका. जवळच्याच प्रतापगडच्या (साताऱ्याचा नव्हे) यात्रेमुळं गाडी मिळत नाही आणि मिळालीच तर भाव विचारू नका.

मासा कुठला? मरळ. पहाटे चारला उठायचा उत्साह घरी ठेवा. या दिवसांत सकाळचं पाणी गार असतं, मासोळी सुस्त. खरी हालचाल दहाच्या पुढं, ऊन चढल्यावर, उथळ शेवाळाच्या कडेला. मरळ हवा घ्यायला वर येते, 'गप्प' असा आवाज होतो आणि वर्तुळ उठतं. गळ वर्तुळावर टाकू नका, पलीकडं टाकून हळू ओढत आणा. आमिष म्हणून रबरी बेडूक चांगला चालला. पाणी उतरल्यानं बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, दोरा त्यांत हमखास अडकतो, तेव्हा विणलेला जाड दोरा घ्या. बारीक दोऱ्याची हौस इथं महागात पडते. रोहूसाठी शेंगदाण्याची ढेप (पेंड) आणि कणकेचा गोळा, पण रोहू तापमान वाढेपर्यंत ताटकळत ठेवतो. मी तरी त्याच्या नादी लागणार नाही. पिल्लांचा लाल पुंजका घेऊन फिरणारी मरळ दिसली तर मात्र सोडून द्या, ती राखणीला असते.

दुसरा दिवस छान गेला, मासे मिळाले.

नवेगावबांधच्या तलावाचा विचार डोक्यातून काढा. ते राष्ट्रीय उद्यान आहे, गळ घेऊन दिसलात तर वनखातं सोडत नाही. तोतलाडोहचंही तेच, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे.

रेल्वेनं यायचं तर गोंदिया-बल्लारशा लाईनीवर अर्जुनीला उतरा, पुढं गाडी आधी सांगून ठेवा. शिंगाडा माशासाठी रात्री काठावर बसायचं म्हणाल तर माझं उत्तर सरळ 'नाही' असंच आहे. मार्चात मोहफुलं पडायला लागली की झाडाखाली अस्वलं येतात, आणि ती नेमकी संध्याकाळी आणि पहाटेच. गावातली माणसंसुद्धा मोहा वेचायला एकटी जात नाहीत. सूर्य मावळायच्या आत गळ गुंडाळा आणि गावात मुक्कामाला या.