ब्लू पिल मॅक्रोपॅड: आर१० चा निकाल लागला

मागच्या वेळी अडलं होतं ते असं: ब्लू पिल या छोट्या एसटीएम३२ बोर्डावर केलेला मॅक्रोपॅड (शॉर्टकट बटणांचा छोटा कीबोर्ड) डेस्कटॉपवर बिनतक्रार चालायचा, लॅपटॉपला लावला की 'डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'. केबल बदलली, फर्मवेअर पुन्हा टाकलं, ढिम्म फरक नाही. मग भिंगाखाली आर१० पाहिला, म्हणजे यूएसबीची डेटा लाइन ३.३ व्होल्टकडे वर ओढणारा बोर्डावरचा 'पुलअप' रेझिस्टर. त्यावर १०३, म्हणजे १० के (किलोओहम). तिथे हवा १.५ के. ब्लू पिलच्या बऱ्याच बोर्डांवर हाच चिकटवलेला असतो, आणि त्यावरच्या एसटीएम३२एफ१०३ चिपमध्ये यूएसबीसाठी आतला पुलअप नाही, त्यामुळे सगळी भिस्त या एका रेझिस्टरवर.

मोजायला पीसी कामाचा नाही. लाइन वर गेलेली दिसली की तो लगेच रीसेट द्यायला लागतो आणि मीटर नाचतो. म्हणून ब्रेडबोर्डवर खोटा होस्ट (पीसीची नक्कल) केला: डी-प्लस आणि डी-मायनस या यूएसबीच्या दोन डेटा लाइनींवरून प्रत्येकी १५ के ग्राउंडला, बोर्डाला ३.३ व्होल्ट एसटी-लिंक प्रोग्रामरवरून. डी-प्लसवर जेमतेम १.९८ व्होल्ट. साधा व्होल्टेज डिव्हायडरच तो, ३.३ × १५ ÷ २५. होस्ट 'हाय' मानतो २.० च्या पुढे!

मग डेस्कटॉपवर कसा चालला? होस्टच्या पुलडाउनला (लाइन ग्राउंडकडे ओढणाऱ्या रेझिस्टरला) १४.२५ ते २४.८ के एवढी मुभा आहे. २४.८ के असेल तर हाच १० के २.३५ व्होल्ट देतो. मशीन बदललं की नशीब बदलतं ते यामुळे. (फोरमवर केबलला शिव्या घालणाऱ्यांनी आधी हा रेझिस्टर बघावा, असं माझं ठाम मत.)

आर१० उपटत बसलो नाही. पीए१२ (चिपची डी-प्लसची पिन) आणि ३.३ च्या मध्ये १.८ के समांतर डकवला, एकूण १.५२५ के. मीटरवर बरोबर ३.० व्होल्ट, आणि लॅपटॉपने पॅड लगेच ओळखला.

हा पुलअप डी-प्लसवर आहे म्हणून होस्ट आपल्याला फुल स्पीड समजतो, १२ एमबीपीएस. व्ही-यूएसबीवाले (सॉफ्टवेअरने यूएसबी चालवणारे) एव्हीआर चिप लो स्पीड, त्यांचा १.५ के डी-मायनसवर असतो. तिकडचं सर्किट बघून इकडे लावू नका.

एक कटकट उरलीय. पुलअप कायमचा जोडलेला, त्यामुळे नवं फर्मवेअर टाकून चिप रीसेट केली तरी पीसीला पत्ताच लागत नाही. सध्या सुरुवातीलाच पीए१२ काही मिलिसेकंद लो धरतो, पीसीला वाटतं केबल काढली. स्वतःच्या पीसीबीवर मात्र १.५ के चं वरचं टोक ३.३ ऐवजी चिपच्या मोकळ्या जीपीआयओ पिनला देणार आहे, म्हणजे पुलअप फर्मवेअरमधूनच चालू-बंद करता येईल. स्किमॅटिक झालंय, राउटिंग बाकी.