अजब बंगल्यात निघाला पिजदुऱ्याचा विषय

वरोरा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा सातवीची सहल नागपूरला नेली, पहाटेच एसटी पकडून. झिरो माइलचा खांब, त्याचे घोडे, फोटो वगैरे पटकन उरकलं आणि सिव्हिल लाईन्समधल्या अजब बंगल्यात शिरलो. १८६३ सालचं हे म्युझियम, इंग्रज प्रशासक रिचर्ड टेंपलच्या काळात सुरू झालेलं, कागदोपत्री मध्यवर्ती संग्रहालय पण नागपुरात तसं कोणी म्हणत नाही.

पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात पोरं काचेला नाकं चिकटवून उभी. कातडं खरं असतं हे सांगितलं तर दोघीजणी मागं सरकल्या. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, डायनासोर तं आमच्याइकडं निंगते म्हणते आबाजी, मंग इथं वाघ-अस्वलच काऊन दाखवून राह्यले?"

तिचं वावर आमच्याच तालुक्यातल्या पिजदुरा गावाजवळ आहे. मग मी तिथंच पोरांना खाली बसवलं आणि जे वर्गात एका तासात कधी बसत नाही ते सगळं सांगितलं. पिजदुऱ्याला डायनासोरची हाडं तर सापडलीच पण जगात गाजले ते तिथले शेणाचे दगड! शेण म्हटल्यावर हशा झाला, होऊ दिला. साधारण साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीची ती विष्ठा दगड होऊन राहिली आणि २००५ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली तेव्हा आत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे बारीक कण निघाले, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. त्याआधी बहुतेकांना वाटायचं गवत डायनासोरनंतर पसरलं, ते आमच्या तालुक्यातल्या दगडांनी बदलायला लावलं. पुढं भाताच्या कुळातल्या गवताचेही कण तिथल्याच दगडांत मिळाले. हे ऐकल्यावर पोरं गप्पच झाली, कारण घरी सगळ्यांकडं धान-कापूस आहे ना.

स्टीफन हिस्लॉपचंही सांगितलं. नागपूर भागात शिकवता शिकवता हा स्कॉटिश पाद्री खडक आणि जीवाश्म गोळा करत हिंडायचा आणि १८६३ मध्येच, म्युझियमच्याच साली, टाकळघाटजवळून परतताना नाल्याच्या पुरात बुडाला. त्याचे आदिवासींबद्दलचे कागद टेंपलनेच १८६६ मध्ये छापले. ज्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे तो माणूस आपल्या मातीत खडक शोधत हिंडला हे पोरांना कोणी सांगायचं, मला तर वाटतं सहलीचं खरं काम हेच आहे, पार्कातल्या घसरगुंड्या कुठंही मिळतात.

महाराजबागेत डबे खाल्ले, रामन विज्ञान केंद्र बघितलं, दीक्षाभूमीवर थोडा वेळ बसलो. परतीच्या गाडीत सगळ्यांचा एकच धोशा, डायनासोर गवत खायचा तर रवंथ करायचा का? नाही, रवंथ करणारे प्राणी फार नंतरचे, झाडपाला आणि गवत तो तसंच ओरपून गिळायचा, असं सांगत सांगत वरोरा आलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आबाजींचा फोन. धुऱ्यावर तसे गोटे पडून आहेत, पोरगी शाळेत आणतो म्हणते, पाठवू का? म्हटलं, आबाजी, हलवू नका. दगड जिथं आहे तिथून उचलला की तो कोणत्या थरातला हे कळत नाही, आणि मग अभ्यासकाला त्याचा उपयोग निम्मा होतो. पोरांनाच घेऊन वावरात येतो, कापूस वेचून झाला की कळवा.